दुमजली पाया

शहराबाहेर नुकती कुठे घरं उठू लागली होती, तेव्हाची गोष्ट. खंडेराव पोतनीस या ओव्हरसियरने तिथे काळ्या दगडाच्या जोत्यावर बैठा बंगला बांधला. पुढे तो डॉक्टर मोडकांनी घेतला आणि व्हरांड्यात दवाखाना थाटला. त्यांच्याकडून तो दिघेबाईंकडे आला. बाईंनी वर माडी चढवली.

माडी देखणी होती, तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. जोत्याची मात्र तिला लाज वाटे. ती म्हणायची, "लोक कौतुकाने माझ्याकडे बघतात आणि मग खाली तू दिसतंस, खडबडीत. फरशीने झाकून तरी घे."



बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी फरशी बसवायला भिकू गवंड्याला बोलावलं. भिकूने दगडावरून हात फिरवला आणि थापी खाली ठेवली.

"बाई, हे माझ्या वडिलांच्या हातचं काम. खंडेराव एकटे, त्यांना दोन खोल्या पुष्कळ होत्या. तरी म्हणाले, पाया दुमजली घाल, पुढे कुणाचा तरी संसार वाढेल. म्हणून तर तुमची माडी पेलली."

बाईंनी वाकून दगडाला हात लावला. मग म्हणाल्या, "राहू दे तसंच."

माडीने हळूच विचारलं, "मी येणार हे तुला ठाऊक होतं?"

"नाही," जोतं म्हणालं. "पण जागा ठेवली होती."

माडीच्या सज्जाची सावली दुपारी जोत्यावर रोजच पडायची. त्या दिवशी माडीने ती मुद्दाम धरली.