चाळीसच्या चाळीस

“चाळीसच्या चाळीस पोरांचं हिमोग्लोबिन जुळलं, मास्तर. मशीनचं आणि नळीचं. आता तरी ही नळी फेकायची का नाही?”

हा खैरमोडे. डिप्लोमा ताजा, शर्ट इस्त्रीचा. मुलाणी मास्तरांची रक्त तपासण्यात बत्तीस वर्षं गेली. मी तेवढीच वर्षं त्यांच्या नळ्या धुतल्या. नवी पोरं मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

मास्तरांनी वही चाळली. “आधी काय लावायचास?”

“मशीन. तो आकडा समोर ठेवून मग नळी.”

“एकसुद्धा चुकला नाही?”

“पॉइंटाचाही फरक नाही.”

“वाईट झालं.”

बाकावर चाळिसावी पोरगी होती. चार वर्षांची, आईच्या मांडीवर लोळागोळा होऊन पडलेली. वहीत तिच्यापुढं दोन्हीकडं १०.८. म्हणजे टॉनिकची बाटली घ्या आणि गावाकडं जा.

मास्तरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं.

“नळी परत लाव,” म्हणाले, आणि वही बुडाखाली घेऊन बसले.

खैरमोडे हसला. पोरीच्या बोटाला टोचलं, रक्त नळीतल्या अ‍ॅसिडात सोडलं. दहा मिनिटं थांबायचं असतं. थांबलो... पोरगी रडलीसुद्धा नाही.

मग तो पाण्याचा एकेक थेंब टाकत, कांडीनं ढवळत, नळीचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी लावायला लागला. रंग जुळला की थांबायचं आणि नळीवरची रेघ वाचायची. एवढंच काम.

पाच... साडेपाच...

जुळला. मला लांबूनसुद्धा दिसला.

तो मात्र पुढचा थेंब सोडायला गेला.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. “कुठं निघालास?”

“...दहा पॉइंट आठला.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“दादा, माझी बस जाईल हो,” पोरीची आई म्हणाली.

“जाऊ दे बाई,” मास्तर म्हणाले. “मी डॉक्टरांना सांगतो. पोरीला जिल्ह्याला न्यावं लागंल, रक्त चढवायला.”

खैरमोडेनं रिपोर्टची चिठ्ठी पुढं ओढली. पेन उघडलं. मान काही वर येईना.

“मास्तर... आकडा कुणाचा लिहू? मशीनचा का नळीचा?”

“पोरीचा.”