लंगडी काबरी आणि लिंपलेलं खुराडं

वाडीच्या टोकाला भिवरा राहायची. हाताची चलाख, कामाला वाघ, पण डोकं सदा तापलेलं. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच धन होतं. सासरी येताना आईने डालग्यात घालून दिलेली एक काबरी कोंबडी. आई देवाघरी गेली, काबरी मागे राहिली. काबरीची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली आणि अंगणभर कोंबड्याच कोंबड्या झाल्या.

कोंबड्या वाढल्या, पण त्यांचं घर काही वाढलं नाही. भिंतीला टेकून दगडमातीचं एक खुराडं होतं, वर जुना पत्रा, पत्र्यावर दगड. नवं बांधायला पैसा कुठला? भिवराने आहे त्यातच भागवलं. आत काठ्या आडव्या ठोकून माळा केला. बाजूला फळकुटाचं खोकं जोडलं. तरी संध्याकाळी कोंबड्या एकमेकींच्या पाठीवर बसायच्या. पत्र्याखाली तेवढी एक फट होती. आत वारा यायचा तो तिथूनच. इथवर भिवराची काही चूक नव्हती. गरिबाने काटकसर करायची नाही तर काय करायचं? चूक पुढे आहे.

कुंपणापलीकडे तानूआक्का राहायची. म्हातारी आणि एकटी. बैल विकल्यापासून तिचा गोठा रिकामा पडला होता. चांगला उंच, हवेशीर, दाराला कडी असलेला. एके दिवशी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "भिवरे, तुझ्या कोंबड्या माझ्या गोठ्यात निजू दे की. मला काय नको त्याचं. तेवढीच जाग राहील."

यावर कुणीही शहाणी बाई हो म्हणाली असती. भिवरा काय म्हणाली?

"माझी कोंबडी लंगडी केलीस, आन् आता तिला घर देतीस व्हय? माझं मी बघीन!"

झालं होतं असं. मागे कधीतरी तानूआक्काने सांडगे वाळत घातले होते. काबरी त्यावर नाचली. म्हातारीने हातातलं लाकूड भिरकावलं, ते नेमकं काबरीच्या पायावर बसलं. तेव्हापासून काबरी लंगडत चालायची. तानूआक्का त्याच दिवशी हळद उगाळून घेऊन आली होती. भिवराने तिच्या तोंडावर दार लावलं, ते आजतागायत लावलेलंच होतं.

उन्हाळा लागला. पत्रा तापून तव्यासारखा व्हायला लागला. आणि एका संध्याकाळी काबरी खुराड्यापाशी आली, आत डोकावली, मागे फिरली आणि लंगडत लंगडत कुंपणाखालून तानूआक्काच्या गोठ्यात जाऊन बसली. पाय मोडला होता तो काबरीचा, पण ती कधीच विसरून गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून आणखी काही गेल्या. ज्या खुराड्यात कोंडल्या जायच्या, त्यातल्याही काही पत्र्याखालच्या फटीतून निसटून तिकडे जायच्या.

आता सांगा, कोंबडी घर का सोडते? जागा नसली की सोडते, उकडलं की सोडते. पण भिवराने ठरवून टाकलं की म्हातारी दाणे टाकून फितवते. तिने जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या फाडून एकेका कोंबडीच्या पायाला बांधल्या, म्हणजे म्हातारीला माझी म्हणता येऊ नये. काबरीला धरून चुलीभोवती फिरवलं, म्हणजे घर विसरू नये. आणि अंगणात उभी राहून कडाकडा बोटं मोडली, ती साऱ्या वाडीने ऐकली.

तानूआक्का शांतपणे म्हणाली, "दाणं न्हाई गं टाकत मी. उकडतंय त्यांना. खुराड्यात हात घालून बघ एकदा."

हात घालून बघायला असा कितीसा वेळ लागतो? पण भिवराला तेवढंच करायचं नव्हतं. म्हातारीने सांगितलं ना, मग नाहीच करायचं! अशा वेळी माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं, पण भिवराला कोण बोलणार?

त्या संध्याकाळी ती तरातरा गोठ्यात शिरली. कोंबड्या बिथरून आढ्यावर उडाल्या. लंगड्या पायामुळे काबरीला उडता येईना. ती गव्हाणीत बसली होती, तिथेच सापडली. भिवराने तिला पंखाला धरून आणलं आणि बाकीच्यांवर कोंबलं. मग शेण-माती कालवली, पत्र्याखालच्या फटीत दगड बसवले आणि वरून गच्च लिंपून काढलं. दाराच्या फळीच्या चिराही सोडल्या नाहीत. आतून पंखांची फडफड ऐकू आली.

"आता बघू कशा जाताय फितूर होऊन!" ती म्हणाली, आणि हात धुऊन समाधानाने झोपली.

पहाटे कोंबडा आरवला, पण तो तानूआक्काच्या गोठ्यातून. तिच्या खुराड्यातून आवाजच नाही. भिवरा धावली. फळी ओढली तशी आतून चुलीसारखी गरम वाफ अंगावर आली. सगळ्या एकमेकींवर मरून पडल्या होत्या. काबरी सगळ्यांच्या वर होती. तिची चोच बुजवलेल्या फटीच्या ओल्या लिंपणात रुतली होती.

भिवराने किंकाळी फोडली. तानूआक्का धावत आली, तर भिवरा तिच्यावरच उलटली. "तुझी नजर लागली! तूच खाल्लंस माझ्या कोंबड्यांना!" धन्य त्या रागाची. समोर सगळं दिसत असूनही त्याला दुसऱ्याचंच दार सापडलं.

तानूआक्काने लिंपणावरच्या बोटांच्या ठशांकडे पाहिलं. मग जाऊन गोठ्याची कडी काढली. आढ्यावर उडालेल्या त्या कोंबड्या धडधाकट बाहेर आल्या आणि अंगण उकरायला लागल्या. प्रत्येकीच्या पायाला लाल चिंधी होती.

"ह्या तुझ्या," ती म्हणाली. "चिंध्या बघून घे."

भिवराने वाकून एकेक चिंधी पाहिली. तिने काबरीला परसात पुरलं. मग पहार आणली आणि ते खुराडं फोडायला घेतलं. दुपारभर फोडत होती. एकेका घावाला स्वतःलाच शिव्या घालत होती. अडवायला कुणी गेलं नाही.

संध्याकाळी उरलेल्या कोंबड्या आपसूक गोठ्याकडे वळल्या. भिवरा कुंपणाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने पाण्याचं भांडं उचललं आणि त्यांच्या मागून खाली मान घालून गोठ्यात गेली. आत तानूआक्काने गव्हाणीत आधीच पेंढा अंथरून ठेवला होता.

तात्पर्य: रागाने बंद केलेल्या दाराआड ज्याच्यावर राग असतो तो कधीच नसतो, आपल्याच आसऱ्याला आलेले जीव असतात. म्हणून दार लिंपण्याआधी आत हात घालून बघावं, मग ते सांगणारा आपल्याला कितीही नावडता असो.