शेळीपासून वाचलेला कडुलिंब

कॉलनीत बंगल्यांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. लोकांनी कोपऱ्यावर कडुलिंबाचं रोप लावलं आणि शेळ्यांच्या भीतीने त्याभोवती लोखंडी जाळी बसवली. शेळी यायची, जाळीला तोंड घासायची आणि उपाशीच परत जायची. रोप जाळीला ताई म्हणू लागलं.

पुढे रोपाचं झाड झालं. खोड जाळीला टेकलं आणि सळ्या सालीत रुतू लागल्या.

"ताई, आता सोड मला," कडुलिंब म्हणाला.

"मी होते म्हणून तू आहेस," जाळी म्हणाली. "इतक्यात उपकार विसरलास?"

दरवर्षी झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी लोक यायचे, जाळीला हिरवा रंग फासायचे आणि झाडाच्या सावलीत चहा पिऊन जायचे. सळ्यांखालून ओघळणारा डिंक त्यांना कधी दिसला नाही. त्यावरही रंग बसला.

एका वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. कॉलनीचे अध्यक्ष नाडगौडा मान वर करून बघत राहिले. "झाड गेलंच आहे," ते म्हणाले. "तोडून टाका. जाळी मात्र जपून सोडवा, अजून दणकट आहे. पुढच्या रोपाला होईल."

कडुलिंबाच्या मुळांची आग शेंड्याला गेली.

"ऐकलंस?" जाळी म्हणाली. "त्यांना माझी किंमत आहे. मी नसते तर तुला शेळीने केव्हाच खाल्लं असतं."

"खाल्लं असतं," कडुलिंब म्हणाला, "पण तिला निदान भूक तरी होती."