चंदनात केवडा

फार फार वर्षांमागची गोष्ट. माघ महिना होता. त्या सकाळी असं दाट धुकं पडलं होतं, की चालणाऱ्याला आपलेच पाय दिसू नयेत. माणसं गारठली होती. आणि बरं का, गारठ्यात वासही गारठतो.

एका राज्यात एक म्हातारा अत्तार, म्हणजे अत्तरं करणारा, राहायचा. वडिलांनी लावलेलं चंदनाचं एकच झाड त्याच्या वाट्याला आलं होतं. ते आपसूक वाळेपर्यंत त्यानं कुऱ्हाड लावली नाही. मग बाहेरचं पांढरं लाकूड वाळवीला खाऊ दिलं, आतला गाभा तेवढा घेतला, मंद आचेवर त्याचं अत्तर उतरवलं आणि चामड्याच्या बुधल्यात बारा वर्षं मुरत ठेवलं. बुधला एकच.

त्या अत्तराचा स्वभाव संथ. लावल्या लावल्या नुसता ओल्या लाकडाचा वास, जरा कडवट. अंगाची ऊब लागली, की दुपारी गाभा उघडायचा. आणि दिवेलागणीला असा गोडवा यायचा, की भांडणारी माणसंही हळू बोलू लागायची.

नव्या राजानं दवंडी पिटवली, उत्तम अत्तर घेऊन या. म्हाताऱ्याला मानपान नको होता. मरायच्या आत एका जाणत्या नाकानं आपलं चंदन ओळखावं, एवढीच त्याची आस.

त्या धुक्याच्या सकाळी राजवाड्याच्या पायऱ्यांवर त्यानं बुधल्याचं बूच काढून हुंगलं. काहीच नाही!

बाजूला गुलाबाचं अत्तर घेऊन एक गुलाबवाला उभा होता, तो हसला. "आजोबा, बारा वर्षं पाणी मुरवलंत की काय? राजा तरुण आहे. एकदा हुंगेल आणि नाक मुरडून उठेल."

थंडीत चंदन मुकं असतं, हे म्हातारा स्वतःच लोकांना सांगायचा. तरी त्याचा जीव खालीवर झाला. झोळीत केवड्याची कुपी होती. त्यानं ती बुधल्यात रिकामी केली.

राजानं मनगटाला अत्तर लावलं. "वा!" म्हणाला. "बसा सगळे. दिवे लागले की निकाल सांगतो."

राजा थांबणार होता! म्हाताऱ्यानं झोळीतल्या रिकाम्या कुपीकडे पाहिलं.

दुपारपर्यंत केवडा उडून गेला. दिवे लागल्यावर राजानं मनगट नाकाशी नेलं.

"आजोबा, सकाळचा वास पळाला. मागे काहीतरी आंबूस राहिलंय. पण त्याच्या तळाशी फार सुंदर काहीतरी गुदमरतंय. काय आहे ते?"

"माझं चंदन, महाराज."

"मग नुसतं तेच द्या ना."

"आता ते कुठेच नाही, महाराज."

मान गुलाबवाल्याला गेला. त्याचा गुलाब साधाच होता. पण सकाळी जसा, तसाच संध्याकाळी.

म्हातारा घरी आला. बुधला अंगणात उपडा केला. माती सगळं प्यायली.

लेकरांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे उशिरा उमलणारं आहे, त्याला भिऊन नटवलं, तर ते कधीच उमलत नाही.

शेजारची म्हातारी कुंभारीण कुंपणापाशी उभी राहून सगळं बघत होती. काय घडलं ते त्यानं तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दादा, बारा वर्षं थांबलात. आणखी एक दिवस थांबायला काय झालं होतं?"