देवाच्या खांद्यावरचा ओरखडा

एकदा एका छायाचित्रकाराला देवाच्या खांद्यावर एक भेग दिसली. त्या भेगेत त्याने खिशातली किल्ली घातली, आणि पुढचे सगळे घडले.

ते सांगण्याआधी या माणसाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो काही वाईट माणूस नव्हता. तिशी ओलांडलेला, शिकलेला, सरळमार्गी गृहस्थ. आठवडाभर कचेरीत मान मोडून काम करी आणि रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून पायी बाहेर पडे. गावोगावच्या बारवा, पडकी देवळे, बांधावर आडवे पडलेले कोरीव दगड, कुणी न चालणाऱ्या घाटवाटा, जे जुने दिसेल त्याचे तो छायाचित्र घेई आणि वहीत नोंद करी. हा नाद त्याला एका वृद्ध छायाचित्रकाराने लावला होता. तालुक्याच्या गावी त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता आणि सगळे त्यांना अण्णा म्हणत. आजूबाजूचा मुलूख अण्णांनी चाळीस वर्षे पायाखाली घातला होता, पण आपण अमुक शोधून काढले असे त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते.

अण्णांनी शिष्याला पहिली गोष्ट शिकवली ती उजेडाची. झिजलेला दगड भर दुपारी मुका असतो. ऊन कडेने, तिरपे आले की त्याच्यावरची पुसट रेघसुद्धा सावली धरते आणि वाचता येते. म्हणून कोरीव दगडापाशी जायचे ते सकाळी लवकर, नाहीतर दिवस कलताना. शिष्याने हे इतके मनावर घेतले की उजेडाची वाट पाहण्यात पुढे पुढे कुणी त्याचा हात धरला नसता. दुसऱ्या कशाची वाट पाहणे मात्र त्याचे शिकायचे राहून गेले होते.

नदीपलीकडच्या एका गावाच्या शिवेवर, करंजाच्या झाडाखाली, म्हसोबाचे ठाणे होते. देव म्हणजे कमरेइतका उंच शेंदरी गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर थरावर थर चढून त्याचे एक जाड कवच झाले होते. दर अमावस्येला हा शेंदूर लावण्याची सेवा गुरवाच्या घराकडे होती. त्या घरात आता एकट्या हौसाबाई उरल्या होत्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, सासूने शेंदराची वाटी हातात दिली, आणि त्यानंतर सत्तावन्न वर्षांत त्यांनी एकही अमावस्या चुकवली नव्हती.

त्या गावाची एक समजूत होती. हे कवच शे-दीडशे वर्षांतून एकदा आपणहून सुटते. सुटले की अखंड सुटते, आणि मग गाव त्याला वाजतगाजत नदीवर नेते. पण ते तुकडे होऊन पडले तर सेवेत खोट राहिली, देव रुसला, असे म्हणत. असे पूर्वी कधी झाले होते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हते. तरी समजूत सगळ्यांना तोंडपाठ होती.

शिष्य तीन वर्षे त्या ठाण्यावर जात होता. हौसाबाई त्याला पाणी देत, पाण्याबरोबर गुळाचा खडा देत, आणि घरी कोण कोण असते ते दर वेळी नव्याने विचारत. गोळ्याच्या तळाशी थोडी घडीव कड दिसे. तेवढ्यावरून त्याने ओळखले होते की आत वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या एखाद्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड. त्याने अण्णांना विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, असेल, दिसेल कधीतरी. या ‘कधीतरी’चा त्याला मनातून राग आला होता.

आणि त्या रविवारी, दिवस कलताना, त्याला खांद्यावर नखाएवढी भेग दिसली. हौसाबाई नदीवर गेल्या होत्या. भेग किती खोल आहे तेवढेच पाहू, असे त्याने स्वतःला बजावले आणि घराच्या कुलपाची किल्ली आत सरकवली. एक टवका निघाला. त्यामागे दगडाची काळी कड दिसली. मग त्याचा हात त्याचा राहिला नाही. दुसरा टवका, तिसरा, आणि मग वरचा सगळा भार एकदम खचून पायाशी तुकडे तुकडे झाला.

समोर वीर उभा होता. एका हातात ढाल, दुसऱ्यात उगारलेली तलवार, मागे त्याने राखलेल्या गाई, माथ्यावर चंद्र आणि सूर्य. शेंदराखाली झाकलेला असल्याने त्याच्या मिशीचा पीळसुद्धा शाबूत होता. ऊन नेमके डावीकडून, तिरपे येत होते. शिष्याने आयुष्यातले सर्वांत चांगले छायाचित्र त्या दहा मिनिटांत घेतले.

हौसाबाई परत आल्या त्या पाण्याची कळशी घेऊन. त्यांनी पाहिले आणि कळशी खाली ठेवून त्या तिथेच बसल्या. मग त्यांनी विचारले, “बाबा, तू हितंच हुतास. कसं झालं रं हे?”

“मी आलो तेव्हा असंच होतं,” शिष्य म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने छायाचित्र मोठे करून अण्णांपुढे ठेवले. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीने ते लेखासह छापायचे कबूल केले होते, तेही त्याने सांगितले. कवच कसे निघाले याविषयी हौसाबाईंना जे सांगितले होते तेच अण्णांनाही सांगितले. एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगणे सोपे गेले. अण्णांनी भिंग घेतले. वीराचा चेहरा पाहिला, गाई पाहिल्या, मग खांद्यापाशी भिंग बराच वेळ थांबले.

“उजेड छान साधलास,” ते म्हणाले. आणि भिंग पुसून ठेवत त्यांनी शिष्याला उद्याची रजा टाकायला सांगितले.

दोघे नदी उतरून गेले तेव्हा चार वाजले होते. हौसाबाई ठाण्यावरच होत्या. दोन दिवसांत त्यांचा चेहरा पार ओढला होता. अन्न सोडले होते. त्या अण्णांना सांगू लागल्या की हाताला कंप सुटला होता, तेल कमी पडत असेल, कदाचित एखाद्या अमावस्येला मनात भलतासलता विचार आला असेल, काही आठवत नाही. गावातल्या चार माणसांनी येऊन तुकडे पाहिले होते. कुणी वाकडे बोलले नव्हते, पण उद्याच्या अमावस्येपासून सेवा पुतण्याकडे द्यायचे ठरले होते. “माझा हात देवाला नको झाला,” त्या म्हणाल्या. त्यांनी सगळे तुकडे वेचून एका सुपात ठेवले होते आणि वर धुतलेले लुगडे पांघरले होते.

अण्णांनी त्यांची परवानगी मागून ते सूप घेतले. मग त्यांनी जे केले त्याचा शिष्याला उलगडा होईना. सातशे-आठशे वर्षांचा वीरगळ चार हातांवर उघडा उभा होता, त्याच्यावर हवे तसे ऊन येत होते, आणि हा मुरलेला माणूस त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसला. सुपातला एकेक तुकडा त्यांनी शिष्याला हातात धरायला लावला आणि एकेकाचे छायाचित्र घेऊ लागले. आधी बाहेरच्या बाजूचे, मग आतल्या. लहानमोठे तेवीस तुकडे होते. ऊन उतरत चालले. शिष्याने दोनदा सुचवून पाहिले की दगडावरचा उजेड जाईल. अण्णा फक्त पुढचा तुकडा मागत राहिले.

दुसरे काही करता येत नसल्याने शिष्य हातातल्या तुकड्यांकडे पाहू लागला. बाहेरून प्रत्येकावर बोटांच्या रेघा होत्या, वरून खाली ओढलेल्या, जवळजवळच्या, एका मापाच्या. आतून मात्र तुकडे गुळगुळीत होते आणि त्यांवर दगडाचा ठसा उमटला होता. एकावर ढालीची कड, एकावर गाईचे शिंग, एकावर उलट्या पिळाची मिशी. शेवटचा तुकडा खांद्याचा होता. त्याच्या कडेला किल्लीच्या टोकाची, दात्यांसकट ओळखू येणारी खोल खाच होती. तो हातात आला तेव्हा शिष्याने मान खाली घातली आणि अण्णांनी कॅमेरा बाजूला ठेवला.

“तुझ्या फोटोत मी आधी तो वीर पाहिला,” अण्णा हळू आवाजात म्हणाले, “मग त्याच्या खांद्यावरचा पांढरा ओरखडा पाहिला. तिरपा उजेड निवडून दाखवत नाही. सातशे वर्षांपूर्वीची छिन्नी दाखवतो, तशी रविवारची किल्लीही दाखवतो. इतका चांगला उजेड तू साधला नसतास, तर मला कदाचित कळलंही नसतं.”

शिष्याने अंगठ्याने ती खाच झाकली.

“हा तुकडा बघ. आत त्या वीराचा खांदा आहे, बाहेर हौसाबाईंची बोटं आहेत. मधे किती सासवा-सुना आहेत ते देवालाच ठाऊक. दगडावर एका माणसाचा पराक्रम कोरलाय, आणि ह्या शेंदरात त्या माणसाला न सोडणारं अख्खं गाव आहे. नाव विसरले, चेहरा विसरले, पण अमावस्या विसरले नाहीत. आपण इतिहास शोधायला निघतो, आणि तो ज्यांनी आपल्यापर्यंत आणून पोचवला त्यांनाच वाटेतला अडथळा समजतो. तू सालपट काढलंस असं तुला वाटलं. पण ते सालपट नव्हतं.”

शिष्याने विचारले, “तुम्हाला काल कळलं होतं, तर काल का नाही विचारलंत?”

“विचारलं असतं तर तू मला उत्तर दिलं असतंस. ते उत्तर मला नाही, हौसाबाईंना द्यायला हवं.”

करंजाच्या बुंध्याला टेकून हौसाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. शिष्य तुकडा घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसला. त्याने किल्ली काढून जमिनीवर ठेवली, तुकड्यावरची खाच दाखवली आणि रविवारी काय केले, काय खोटे सांगितले, ते एका दमात सांगून टाकले. सांगताना त्याची नजर वर उठली नाही. आता ही बाई शिव्या देईल, गाव गोळा करील, असे त्याला वाटत होते, आणि खरे तर तसे झाले तर बरे, असेही वाटत होते.

हौसाबाईंनी खाच बोटाने चाचपून पाहिली. मग आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले.

“म्हंजी देव माझ्यावर रुसला न्हवता,” त्या म्हणाल्या.

एवढे म्हणून त्या रडू लागल्या, आणि शिष्याला शिव्या सोसल्या असत्या, ते रडणे सोसवेना. त्यांचा दोन दिवसांचा उपास ही त्याच्या दहा मिनिटांच्या उजेडाची किंमत होती, हे त्याला तेव्हा कळले. डोळे पुसून त्या उठल्या, वीरासमोर गेल्या आणि त्याचा चेहरा अगदी जवळून न्याहाळू लागल्या.

“तुला त्याचं त्वांड बघायचं हुतं, तर मला म्हणायचंस लेकरा. मलाबी बघायचं हुतं. सत्तावन्न वर्सं बघायचं हुतं. दोघांनी मिळून वाट बघितली असती.”

अमावस्येला शिष्याने किल्लीची आणि खोट्याची सगळी हकीकत गावापुढे सांगितली. लोक त्याला लागेल असे बोलले, आणि त्याने ते ऐकून घेतले. तुकड्यांचे सूप नदीपर्यंत त्याने डोक्यावरून न्यावे असे ठरले, तेही त्याने केले. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाने वीराचा चेहरा पाहून घेतला. लहान पोरांना खांद्यावर घेऊन दाखवला. दिवस मावळायच्या आत हौसाबाईंनी वाटीत शेंदूर कालवला. सेवा पुतण्याकडे देण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्यांनी आधी कपाळ झाकले, मग डोळे, मग मिशी, आणि सर्वांत शेवटी त्या खांद्यापाशी आल्या. ओरखड्यावर त्यांचे बोट जरा थांबले, मग तिथूनही वरून खाली फिरले.

छायाचित्र पुरवणीकडे गेलेच नाही. शिष्याने ते हौसाबाईंना दिले आणि त्यांनी ते घरात देव्हाऱ्याशेजारी लावले. वहीत मात्र त्याने त्या दगडाची रीतसर नोंद केली. वीरगळ, उंची, दिशा, ढाल-तलवार, गाई, चंद्र-सूर्य. शेवटच्या ओळीत लिहिले होते: डाव्या खांद्यावर किल्लीचा ओरखडा, तो मी केला.

अण्णांनी ती नोंद वाचली, वही मिटली आणि त्याच्या हातात परत दिली.