रांजणातला बेस

लहानपणी आई रिकामा रांजण घासताना आत तोंड घालून गाई, तेव्हा तिचा आवाज घरभर घुमे. तो घुमारा गेनबाच्या कानांत अजून होता.

आता त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, कमी ऐकू येई. मोबाइलवर इंटरनेटवरून लागणाऱ्या गवळणी तिला ऐकवायच्या, म्हणून गेनबाने स्पीकरवाल्या रतनशेठला घरी बोलावले. शेठने भला मोठा स्पीकर आणून दारात ठेवला, पण गेनबाची ऐपत ऐकून तो हसला.

"तात्या, एवढ्यात डबडं येतं. गाण्याला बेस लागतो, बेस! या स्पीकरशिवाय तुमच्या घरात गाणं ऐकून कुणी 'बेस' म्हणालं, तर हा फुकट ठेवून जाईन."

"बघा हं शेठ, शब्द दिलाय."

गेनबाने गवळण लावली आणि मोबाइल अलगद रिकाम्या रांजणात ठेवला. गवळण घरभर घुमली. चुलीपुढची चंद्राबाई चमकली, मग मान डोलवू लागली.

"कसं वाटतंय गं?" गेनबाने मोठ्याने विचारले.

"लई बेस!"

"आमच्याकडं चांगल्याला बेसच म्हणतात, शेठ," गेनबा हळूच म्हणाला. "आता एवढं जड ओझं परत कशाला नेता?"

स्पीकर तिथेच ठेवून, चपला घालून रतनशेठ चालता झाला.