हरण्याची माथोटी

“पण सुचतं कुठून, चाचा?”

शलाकाने हे तिसऱ्यांदा विचारलं.

महबूबचाचांनी पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा ताणला, एक मणी ओवला, गाठ मारली. मग दुसरा मणी ओवला.

“चाचा...”

“ऐकतोय की.”

एवढंच. पुन्हा गाठ.

वारणाकाठच्या त्या पेठेत, मशिदीमागच्या बोळात, चाचांचं सहा हात रुंदीचं दुकान होतं. पटवेगाराचं, म्हणजे मणी-गोंडे ओवणाऱ्याचं. बेंदूर हा तिकडचा बैलांचा सण. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले बैल जे ल्यायचे, ते बहुतेक इथूनच जायचं. कपाळावर बांधायच्या मण्यांच्या माथोट्या, गळ्यातल्या माळा, शिंगांचे गोंडे. सण आठ दिवसांवर आला होता आणि चाचांच्या पाठीमागे रंगीत मण्यांचे डबे उघडेच पडलेले होते.

शलाका उपळेकर याच दुकानाच्या पायरीवर अकराव्या वर्षी पहिली गाठ शिकली होती. आता ती छत्तिशीची होती आणि पुण्यात तिच्या मण्यांच्या विणकामाला नाव होतं. भिंतभर पडदे, गळ्यातले रुंद पट्टे, एकेकात वीस-वीस हजार मणी. दोन पुरस्कार. कुणी कौतुक केलं तर ती उगाच लाजत नसे. “हो, चांगलंच झालंय,” म्हणायची. आणि ते खरंही असायचं.

पण गेले आठ महिने तिच्या मागावर दोरे नुसते ताणलेले होते.

रोज सकाळी बसायची. दोन ओळी विणायची. उसवायची. दिवाळीत मोठं प्रदर्शन ठरलेलं, दालन मिळालेलं, सगळीकडे सांगून झालेलं... आणि हातात काहीच नाही. शेवटी एस.टी. धरून ती इथे आली होती.

पिशवीतून एक जाडजूड वही काढून तिने चाचांपुढे ठेवली.

“मी काही हातावर हात ठेवून बसलेले नाही. हे बघा.”

चाचांनी अंगठ्यातून दोरा सोडवला. हात पुसले. वही मांडीवर घेऊन एकेक पान सावकाश उलटलं. मोरपिसं. चर्चच्या रंगीत काचा. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव. पैठणीचे काठ. भिंगातून दिसणारा फुलपाखराचा पंख.

एकही पान त्यांनी गाळलं नाही.

“चांगलं हाय,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय? चांगलं हाय.” त्यांनी वही दोन्ही हातांनी परत दिली. “ह्यातलं कोण घालणार?”

“कुणीही घालेल.”

चाचांनी मान डोलावली. “बरं. त्यो ‘कुणीही’ आला, की मला दाव. त्याच्या गळ्याचं माप घीन म्हणतो.”

शलाका हसली. पण ते तिला लागलं.

एवढ्यात बाहेरून हाक आली.

“चाचा, हायसा का?”

हिराक्का मगदूम. साठीची, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला. बोळाच्या तोंडाशी तिचा बैल उभा होता. हरणाच्या रंगाचा, म्हणून हरण्या. त्याचा डावा डोळा गेलेला होता.

“बाभळीचा काटा लागला,” हिराक्का शलाकाला म्हणाली, तिने विचारलं नव्हतं तरी. “मागल्या बेंदराला मिरवणुकीत हलगी वाजली आणि बुजला. दोन माणसं पाडली. गावानं सांगितलं, यंदा घरीच ठेव.”

“मग?” चाचांनी विचारलं.

“बारा वर्सं राबलाय. त्यो मिरवला न्हाई, तर मी त्या दिवशी पोळीला हात लावणार न्हाई. झ्याक माथोटी पायजे.”

चाचांनी हनुवटीने शलाकाकडे खूण केली. “ही करंल.”

“मी?” शलाका म्हणाली. “चाचा... बैलाची माथोटी?”

“का? जड जाईल?”

झालं. ती उठली, मणी ओतून घेतले आणि चाचांच्या शेजारी फतकल मारून बसली. हिराक्काने मापाची दोरी तिच्या हातात दिली आणि बैल घेऊन निघून गेली.

दोन दिवसांत माथोटी तयार झाली. मधोमध समोरासमोर दोन मोर, खाली दाट झालर, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा घुंगरं. मोजून एकसारखी. बोळातल्या बायका बघायला आल्या. शेजारच्या तांबोळ्याने दुकान सोडून येऊन ती हातात धरून पाहिली. शलाकाला पुष्कळ दिवसांनी जेवण गोड लागलं.

चाचा आपल्या गाठी मारत राहिले.

तिसऱ्या दिवशी हिराक्का बैल घेऊन आली. माथोटी बांधली. सगळे जरा मागे सरून बघू लागले.

हरण्याने एक पाऊल टाकलं. डावीकडची घुंगरं वाजली.

तो थबकला. त्या बाजूला काय आलंय, ते त्याला दिसेना. त्याने मान हिसडली, तशी झालर उजव्या डोळ्यावर आली आणि उरलासुरला उजेडही गेला. मग मात्र तो गरकन फिरला. दुकानाच्या खांबाला कपाळ घासलं. दोरा तटकन तुटला.

मणी पाऊण बोळभर पसरले.

हिराक्का मागे हटली नाही. तिने त्याच्या मानेवर हात टेकला, तो न उचलता तसाच पुढे सरकवत डाव्या गालावर नेला आणि तिथे ठेवला. हरण्या फुरफुरला... थरथरला... उभा राहिला.



“दोरा कच्चा होता,” शलाका म्हणाली.

“दोरा माझा होता,” चाचा म्हणाले.



“त्याला आधी सवय लावायला हवी होती. एकदम बांधल्यावर कुठलाही बैल...” तिचं वाक्य पुरं झालं नाही. कान तापले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हातून झालं होतं, आणि ते आता लोकांच्या चपलांखाली होतं.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

तिला वाटलं, डोळे पुसायला देतायत.

“मी रडत नाहीये.”

“डावा डोळा बांध.”

“काय?”

“बांध. आणि मग मणी वेच.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर थट्टा नव्हती, रागही नव्हता. लोक होते म्हणून तिला नाही म्हणायचं होतं, आणि लोक होते म्हणूनच म्हणता येईना. तिने रुमाल बांधला आणि खाली बसली.

पहिला मणी हातात आलाच नाही. बोट दोन इंच अलीकडेच टेकलं. दुसऱ्याला बोट पलीकडे गेलं. एवढ्याशा गोष्टीचा तिला संताप आला.

मग डावी बाजू जाणवू लागली. तिकडे काही नव्हतंच. तिकडून कुणाच्या तरी चपला फटफटल्या, तिची मान वळली. बादली आदळली, पुन्हा वळली. सायकलची घंटी वाजली, तशी ती चक्क अंग चोरून भिंतीला टेकली. मणी राहिले बाजूला, तिचं सगळं लक्ष त्या नसलेल्या बाजूकडे.

आणि तिकडूनच खांद्यावर काहीतरी पडलं.

शलाका किंचाळून उठली. ओंजळीतले मणी पुन्हा सांडले.

“मीच हाय गं,” हिराक्का म्हणाली.

तिने हात काढला नाही. शलाकाला खाली बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि एक हात शलाकाच्या डाव्या खांद्यावर ठेवून दुसऱ्या हाताने मणी वेचायला लागली.

पुन्हा बादली आदळली.

शलाकाची मान अर्धी वळली.

मग पुन्हा आदळली, तेव्हा वळली नाही.

सगळे मणी डब्यात गेले, तरी तिला उठावंसं वाटेना. हिराक्काचा हात जड होता, खरखरीत होता. तो खांद्यावर असेपर्यंत त्या बाजूला कुणीतरी आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

रुमाल सोडून ती हरण्याजवळ गेली. उजवीकडून, त्याला दिसेल अशी. त्याचा चेहरा ती पहिल्यांदाच जवळून बघत होती. तिने माप घेतलं होतं ते हिराक्काच्या दोरीवरून.

गेलेला डोळा तिला लांबून पांढरा वाटला होता. तो पांढरा नव्हता. दूध निवल्यावर सायीखाली जी निळसर झाक दिसते, तसा होता. कडेने पाणी गळत होतं, त्यावर माश्या बसत होत्या आणि त्या त्याला उडवताही येत नव्हत्या. डोळ्याच्या खाली, गालावर, केस झिजून एक गुळगुळीत जागा झाली होती.

शलाकाने तिथे आपला तळवा ठेवून पाहिला. जागा तळव्याएवढीच होती.

“हिराक्का, तुमची मूठ दाखवा.”

“माझी?”

“वळून दाखवा. अशी.”

तिने दोरीने हिराक्काच्या मुठीचं माप घेतलं.

मग दोन दिवस ती उठली नाही. वही पिशवीत होती, ती तशीच राहिली. काय करायचं याचा विचार ती करत होती असंही दिसत नव्हतं. हात चालले होते आणि ती त्यांच्या मागे मागे जात होती. मधूनच हसायची. एकदा स्वतःशीच “नाही, इथं नको,” म्हणाली आणि वीतभर काम झटक्यात उसवून टाकलं.

“चाचा, निळसर पांढरा मणी आहे? दुधाळ?”

चाचांनी न बघता एक डबा तिच्याकडे सरकवला.

माथोटी झाली ती एका बाजूची. उजवीकडे नुसता दोन बोटं रुंद पट्टा, भुवईच्या वर थांबलेला. डावीकडे त्या दुधाळ निळ्या मण्यांची लांब झालर, गेलेल्या डोळ्यावरून मऊ सुटलेली, माशी बसणार नाही अशी. झालरीखालून एक जाड गोफ गालावर उतरलेला, आणि त्याच्या टोकाला मण्यांनी मढवलेली मूठ. हिराक्काच्या मापाची. घुंगरू एकही नाही.

तांबोळी येऊन बघून गेला. “दुसरी बाजू राहिलीय व्हय?” त्याने विचारलं.

“नाही,” शलाका म्हणाली. “झालीय.”

बेंदराच्या दिवशी हिराक्काच्या गावच्या वेशीत बैल उभे राहिले. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. हरण्या शेवटून दुसरा. लोक त्याच्यापासून जरा लांबच राहत होते. शलाका एका ओट्यावर उभी होती. हिराक्काने उजव्या हातात मूठ धरली होती आणि तिच्या बोटांची पाठ हरण्याच्या गालाला लागलेली होती.

हलगी कडाडली.

हरण्याचा कान फिरला. अंगावरून एक शहारा गेला. तो थांबला.

मागचा बैलही थांबला. कुणीतरी ओरडलं, “सांभाळा रे!” बायकांनी मुलं मागे ओढली.



हिराक्का हलली नाही. ओढलं नाही, चुचकारलं नाही. नुसती उभी राहिली, हात गालाला लावून.

हरण्याने डोकं थोडं खाली घेतलं, तिच्या हातावर टेकल्यासारखं केलं, आणि चालू लागला. देवळापर्यंत गेला. देवळाला वळसा घालून परत वेशीपर्यंत आला. गावाच्या वतीने ज्याने घरी ठेव म्हणून सांगितलं होतं, त्याच म्हाताऱ्याने त्याच्या कपाळाला गुलाल लावला.

“आक्का, ही एकाच बाजूची कुठली नवी तऱ्हा?” एका बाईने विचारलं.

“ह्याची,” हिराक्का म्हणाली, आणि त्याला घेऊन पोळी चारायला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शलाका दुकानात आली. रात्रभरात तिने वहीची शेवटची सगळी पानं भरून टाकली होती.

“चाचा, प्रदर्शनाचं ठरलं. बारा तुकडे. सगळे एका बाजूचे! डावीकडे भरगच्च, उजवीकडे मोकळं. निळसर पांढऱ्याच्या बारा छटा. पुण्यात असलं कुणी पाहिलेलं नाही. मला माहीत आहे, हे उत्तम होणार आहे.”

ती थांबली. चाचा बाहेर बघत होते.

बोळाच्या तोंडाशी एक गाडीवान जत्रेसाठी माथोटी करून घ्यायला येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात कासरा, कासऱ्याला एक पांढराशुभ्र खोंड.

“चाचा?”

चाचांनी मापाची दोरी उचलून तिच्या हातात दिली.

“ह्याला दोन्ही डोळं हायत.”